पुशरॉड इंजिन, टर्बो आणि माझे ४,३७,५०० रुपये

जुन्या अॅम्बेसेडरच्या इंजिनाला टर्बो (आत दाबाने जास्त हवा भरणारा पंखा) बसवून ते मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत फिरेल असे बांधून देतो, असे सांगणाऱ्या एका गृहस्थाला मी ऑगस्ट २०२४ ते मार्च २०२५ या काळात एकूण ४,३७,५०० रुपये दिले आणि त्या बदल्यात मला नवा रंग दिलेले माझेच जुने इंजिन परत मिळाले. त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे आणि वकिलांनी तसे बजावले आहे. मी स्वतः पदविकेच्या वर्गाला यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. हे वाक्य लिहिताना हात अडतो, पण ते लिहिले नाही तर अशा भानगडीत फक्त अडाणी माणूस सापडतो, असा समज करून घ्यायला वाचणारा मोकळा राहील.

गाडी वडिलांची, १९८४ सालची मार्क ४. तिचे इंजिन बी-सिरीज या जुन्या ब्रिटिश घराण्यातले, १,४८९ सीसीचे, ७३ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ८८.९ मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनची वर-खाली धाव). क्रँकला मेन बेअरिंग तीनच आणि ताकद पन्नासएक अश्वशक्ती. एवढ्या लांब स्ट्रोकचे इंजिन ७,००० फेऱ्यांवर नेले, तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २०.७ मीटर होतो आणि ५,००० फेऱ्यांच्या तुलनेत जडत्वाचे बल जवळजवळ दुप्पट होते. त्यात झडपा हलवणारा कॅम खाली ब्लॉकमध्ये, त्या झडपा वर हेडमध्ये आणि हालचाल पोहोचवायला मधे टॅपेट, लांबलचक पुशरॉड आणि रॉकर अशी सगळी वरात. स्प्रिंग कमी पडली तर टॅपेट कॅमवरून सुटतो आणि स्प्रिंग कडक केली तर पुशरॉड वाकू लागतो. टर्बोचा जाच वेगळाच: ३६ मिलिमीटर व्यासाची इनलेट झडप धरली, तर ०.७ बार दाबाने तिच्या पाठीवर सात किलोंहून अधिक जोर येतो आणि तो स्प्रिंगच्या विरुद्ध काम करतो. हे सगळे मला ठाऊक होते, म्हणूनच मी त्याला लेखी यादी दिली होती. फोर्ज केलेले (दाबून घडवलेले) पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड, जाड भिंतीचे क्रोमोली पोलादाचे पुशरॉड, रोलर टोकाचे रॉकर, कडक स्प्रिंग, हेडसाठी जास्त ताकदीचे स्टड आणि मल्टि-लेअर स्टीलची गॅस्केट. एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत याच घराण्यातले इंजिन होते, त्यामुळे असे भाग इंग्लंडमध्ये खरोखर मिळतात. त्याच्या थापेला आधार मिळाला तो या खऱ्या गोष्टीचा.

पैसे असे गेले. सुरुवातीला आगाऊ म्हणून १,५०,०००. मग इंग्लंडहून येणाऱ्या भागांचे आणि त्यावरील सीमाशुल्काचे मिळून १,६२,५००. टर्बो आणि त्याच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे ७८,०००. शेवटी ट्यूनिंगचे ३५,००० आणि डायनो चाचणीचे, म्हणजे इंजिनाची ताकद यंत्रावर मोजण्याचे, १२,०००. यातले काही पैसे त्याच्या खात्यात, काही त्याच्या पत्नीच्या आणि एक रक्कम कोणा 'भागीदारा'च्या खात्यात. पावती म्हणजे वहीतून फाडलेले हाताने लिहिलेले चलन, त्यावर जीएसटी क्रमांक नाही. तीन नावांच्या खात्यांत पैसे मागणारा माणूस दिसला, की तिथेच उठून यावे. सीमाशुल्क भरले असेल तर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचा सीमाशुल्काचा कागद, असतेच. ते दाखवता येत नसेल, तर माल आलेलाच नाही असे धरावे.

आता तो दिवस. जानेवारीतल्या एका शनिवारी मी त्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. इंजिन स्टँडवर होते आणि हिरव्या रंगाचा वास अजून येत होता. तो फोनवर बोलत बाहेर गेला, तेव्हा मी सहज रॉकर कव्हरवरचे तेलाचे झाकण फिरवून काढले आणि मोबाइलचा दिवा आत धरला. रॉकरच्या टोकाला रोलर नव्हता. समोर मूळचाच रॉकर होता, त्याच्या पाठीवर वर्षानुवर्षांच्या तेलाची तपकिरी साय धरलेली आणि झडपेच्या दांड्यावर टेकणाऱ्या जागी नखाने जाणवेल असा खड्डा. मी त्यात नख घालून पाहिले, हे मला नीट आठवते.

तो आत आला आणि माझ्या हातातले झाकण पाहून जराही न गडबडता म्हणाला, "सर, हे ब्रेक-इनचे रॉकर आहेत. नव्या कॅमला पहिली वीस मिनिटे जपावे लागते, मग रोलर चढवतो." ही थाप अर्धी खरी होती आणि म्हणूनच ती पचली. सपाट टॅपेटच्या नव्या कॅमला सुरुवातीला कमी भार द्यावा म्हणून काही जण आतली स्प्रिंग काढून ठेवतात किंवा कमी गुणोत्तराचे रॉकर लावतात, हे मी वाचलेले होते. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट समोरच्याच्या तोंडून ऐकली की माणूस सुखावतो. मी मान हलवली. झाकण मीच परत घट्ट बसवले. बी-सिरीजचे रॉकर कव्हर फक्त दोन नटांवर असते. दहा मिनिटे मागून ते दोन नट सोडले असते, तर आठही रॉकर आणि पुशरॉडची टोके दिवसाउजेडी समोर आली असती. त्या क्षणापर्यंत माझे ३,९०,५०० रुपये गेलेले होते, उरलेले ४७,००० तरी वाचले असते. हे ४७,००० मला बाकीच्या सगळ्या रकमेपेक्षा जास्त टोचतात, कारण बाकीचे त्याने नेले आणि हे मी डोळ्यांनी पाहून दिले.

डायनोचा कागद मार्चमध्ये आला. त्यावर ६,८०० फेऱ्यांच्या ओळीत ११८ अश्वशक्ती आणि त्याच ओळीत १६५ न्यूटन-मीटर टॉर्क छापलेला होता. टॉर्कला फेऱ्यांनी गुणून ७,१२१ ने भागले की अश्वशक्ती येते. मी हे सूत्र दरवर्षी फळ्यावर लिहितो. १६५ ला ६,८०० ने गुणून भागाकार केला तर जवळजवळ १५८ येतात, ११८ नव्हे. तो कागद कोणत्याही यंत्रातून निघालेला नव्हता, कोणीतरी बसून आकडे टंकले होते. हा हिशोब मी केला, पण तो मे महिन्यात, इंजिन फुटल्यानंतर. कोणी डायनोचा कागद दिला तर कोणत्याही तीन ओळी घेऊन आधी हा गुणाकार करावा, दोन मिनिटे लागतात.

लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. अशा एखाद्या बंद धावपट्टीवर ही गाडी एकदा पळवावी, एवढीच माझी हौस होती. तिथवर पोहोचलोच नाही. एका मित्राच्या खासगी मोकळ्या जागेत तिसऱ्या धावेला ५,४०० फेऱ्यांवर टाळी वाजल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन तीन सिलिंडरवर आले. आमच्या ओळखीच्या वयोवृद्ध मिस्त्रींनी हेड उतरवून इंजिन पूर्ण उघडले. पुशरॉड सगळे मूळचे, त्यातला एक वाकून रॉकरखालून निसटलेला. पिस्टन साधे ओतीव, रॉड मूळचे, गॅस्केट बाजारातली नेहमीची, स्टडही मूळचेच. टर्बो कुठल्यातरी डिझेल गाडीवरचा, नावाची पट्टी घासून काढलेला. मिस्त्रींनी वाकलेला पुशरॉड काचेवर ठेवून बोटाने ढकलला, तो डुगडुगत गेला, आणि ते काही बोलले नाहीत. त्यांनी शिवी दिली असती तर बरे वाटले असते. कोणालाही काम देण्याआधी इंजिन जोडून झाकण्यापूर्वीचे फोटो ठरवून घ्यावेत, आणि प्रत्येक भाग हातात असताना वजन करून घ्यावे. माझ्या पिस्टनचे वजन मी एकदाही केले नाही.

यानंतर जे सुरू झाले, त्यापुढे इंजिन फुटणे परवडले. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात सांगितले गेले, की वर्कशॉप दुसऱ्या जिल्ह्यात आहे, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणाले, पैसे तुम्ही तुमच्या घरून पाठवले, तिकडेच तक्रार करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापून नेले होते. तो कागद टेबलावरच्या चहाच्या पेल्याखाली गेला. नंतर "हा दिवाणी वाद आहे", मग "माल तर मिळालाय ना तुम्हाला". सायबर विभागात सांगितले, की तुम्ही त्या माणसाला प्रत्यक्ष भेटलात, म्हणून हे सायबर नाही. बँकेने सांगितले, की पिन तुम्ही स्वतः टाकला. पोलीस अधीक्षकांना कलम १७३(४) खाली टपालाने अर्ज पाठवला, त्याची पोच माझ्याकडे आहे. पोचेपलीकडे काही नाही.

सगळ्यात कळस झाला तो एका अधिकाऱ्याने मलाच आरोपी केले तेव्हा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही आणि कलम १८२अ(४) प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते, हे त्यांनी मला शांतपणे ऐकवले आणि वर विचारले, "तरी तक्रार द्यायची आहे का?" कायदा मला मान्य आहे. गाडी मी टर्बोसह सार्वजनिक रस्त्यावर एकदाही चालवली नाही, मैदानापर्यंत ती टोइंगच्या गाडीवर नेली. पण माझ्या ४,३७,५०० रुपयांच्या तक्रारीला उत्तर म्हणून माझ्याच दंडाचा हिशोब करणे, याला काय म्हणावे? फसवणारे वर्कशॉपवाले याच भीतीवर जगतात. गाडीत बदल करून घेणारा ओरडणार नाही, ओरडला तर आधी तोच अडकेल, हे त्यांना पक्के माहीत असते. अशा कामाला हात घालणाऱ्याने कायद्यातली आपली बाजू आधी तपासून घ्यावी. मी ती तपासली नव्हती.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही आणि तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, एवढे दोन दिलासे. कायदा म्हणतो, की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल लागावा. पण नोटीस मिळाली पाहिजे ना! माझी नोटीस दोनदा "पत्ता सोडून गेले" असा शेरा घेऊन परत आली, त्यामुळे कायद्यातले तीन महिने अजून सुरूच झालेले नाहीत. चलनावर पूर्ण पत्ता आणि जागेच्या मालकाचे नाव मी लिहून घेतले असते, तर हा खेळ झाला नसता. वर्कशॉपची जागा भाड्याची आहे की स्वतःची, हे शेजारच्या दुकानात विचारायला एक चहा पुरतो.

पत्ता सोडून गेलेला हा माणूस मोबाइलवर मात्र जागेवरच आहे. मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याने मला त्याचा नवा व्हिडिओ दाखवला: टर्बो लावलेले हिरवे बी-सिरीज इंजिन स्टँडवर गुरगुरते आहे आणि खाली "७,००० फेऱ्या, बुकिंग सुरू" असे लिहिलेले आहे. त्या इंजिनाच्या रॉकर कव्हरवर तेलाच्या झाकणाच्या डाव्या बाजूला अंगठ्याएवढा पोचा दिसतो. तो वडिलांच्या हातून पाना पडून झालेला आहे. ते इंजिन माझे आहे, आता माझ्या शेडमध्ये उघडे पडले आहे, आणि ते ५,४०० च्या पुढे कधीही गेलेले नाही.