पाचव्याची पाठ तिसऱ्यांदा मोडली

"काकी, पाचवा परत सुटला."

दुकानाची फळी काढायच्या आधीच ती पायरीवर येऊन बसली होती. वाडीतलीच, सातवीतली मुलगी. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत हॅरी पॉटर मालिकेतलं पाचवं पुस्तक आणि त्यातून निसटलेली साठ-सत्तर पानं वेगळी, सुतळीने बांधलेली. सुतळीची गाठ मात्र व्यवस्थित होती. पानांचे आकडेही लावून आणले होते. तीन वेळा तेच पुस्तक माझ्याकडे आणून पोरं एवढं शिकली आहेत.

मालवणच्या बाजारात, मागच्या गल्लीत माझं बायंडिंगचं दुकान आहे. बाबांचं होतं, आता मी चालवते. ग्रामपंचायतीची रजिस्टरं, वकिलांची दफ्तरं, कोणाच्या आजोबांची पोथी, वाचनालयाच्या कादंबऱ्या, असलं काम. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या वाढदिवसाला या मालिकेचा सात पुस्तकांचा इंग्रजी पेपरबॅक संच मागवला. तीन हजारांच्या आत पडला. भाची कुडाळला गेली, संच माझ्याकडेच राहिला आणि बघता बघता वाडीचा झाला. दोन वर्षांत किमान वीस मुलांच्या हातून फिरलाय. तेव्हा अभिप्राय द्यायचा माझा हक्क आहे असं मी समजते, आणि तो दोन्ही बाजूंनी देते: आतल्या मजकुराचा आणि बाहेरच्या डिंकाचा.

डिंकाचं आधी उरकते. खराब. ही पुस्तकं शिवलेली नाहीत. सुटी पानं एकावर एक रचून पाठीला गरम डिंक लावायचा नि वर जाड कागद चिकटवायचा, याला परफेक्ट बायंडिंग म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला कोकणातला जून कधी लागला नसावा. इथल्या हवेत कागद पाणी पितो, फुगतो. डिंक काही फुगत नाही. ऑक्टोबरात ऊन तापलं की कागद आकसतो, तोवर डिंक कडक होऊन चिरलेला असतो. पातळ पुस्तक हे सोसतं. जाड पुस्तक मधोमध उलगडतं. मूळ ब्रिटिश आवृत्तीत पहिलं पुस्तक २२३ पानांचं होतं नि पाचवं ७६६ पानांचं. पोरगं पालथं पडून ते वाचणार, उठताना उलटं घालून ठेवणार, वर मांजर बसणार. पाठ मोडेल नाहीतर काय होईल?

संच आला तोही जुलैत, खोका एका कोपऱ्याने दबलेला आणि ओला. विकणाऱ्याला फोटो पाठवले. "पुस्तकं वाचता येतायत ना?" असं उत्तर आलं. येतायत, बाबा, येतायत.

आता मजकूर. मी स्वतः ही पुस्तकं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळीने वाचलेली नाहीत; दुरुस्त करता करता वाचलीत. त्यामुळे कुठल्या पानाला किती हात लागले ते मला वाचणाऱ्यापेक्षा जास्त कळतं. पुस्तक बंद करून कडेने बघितलं की काळपट पट्टे दिसतात. पहिल्या पुस्तकात असा एक ठळक पट्टा सुरुवातीलाच आहे. त्या हॅरी नावाच्या पोराला जादूच्या शाळेत बोलावणारी पत्रं येतात, मावशीचा नवरा ती फाडतो, जाळतो, तरी पत्रं येतच राहतात, दाराच्या फटीतून, धुराड्यातून. पोरं ते पुन्हा पुन्हा वाचतात. खरं सांगायचं तर मीही वाचते. जिन्याखालच्या फडताळात झोपणाऱ्या पोराच्या नावाने पत्र आलंय, पत्त्यात ते फडताळसुद्धा लिहिलंय, आणि घरातली मोठी माणसं ते हाती पडू देत नाहीत. यात जादू अजून सुरूही झालेली नाही, तरी पान काळं पडलंय.

तिसऱ्या पुस्तकात शेवटची शंभर पानं अशीच. चौथ्यात स्मशानाचा प्रसंग. तिथे उलट आहे, पानं स्वच्छ. रात्री वाचायचं टाळतात आणि दिवसा भरभर उलटतात. सातव्यात ३३वं प्रकरण. ते पुस्तक हातात सोडलं की आपोआप तिथेच उघडतं. तिथे काय आहे ते सांगत नाही. माझ्या आईने एका मुलाला शेवट सांगून टाकला होता, तो महिनाभर आमच्या दारावरून गेला नाही.

आणि पानांत जे सापडतं ते निराळंच. पहिल्या वेळी पाचवं उसवलं तेव्हा पाठीच्या आतून चिमूटभर रेती पडली, चिवल्याच्या किनाऱ्यावरची असणार. दुसऱ्या पुस्तकात सोलकढीचा गुलाबी डाग. एसटीची तिकिटं तर विचारू नका. सहाव्यात कोणीतरी सुरंगीचं फूल ठेवलं होतं. ते सुकून पातळ झालेलं, पण दोन्ही पानांवर त्याचा पिवळा गोल उमटलेला, आणि वास अजून होता. मी ते काढलं नाही. तसंच दाबून ठेवलं.

मराठी आवृत्तीबद्दल विचारतात म्हणून सांगते. भोपाळच्या मंजुलने काढली आहे. पहिल्या भागाचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. या एका शब्दासाठी मी त्यांना पाव तारा जास्त देईन. मूळ ब्रिटिश नावात फिलॉसॉफर्स स्टोन आहे. अमेरिकेत १९९८ साली छापताना तिथल्या प्रकाशकाने तो फिलॉसॉफर काढून सॉर्सरर, म्हणजे चेटक्या, घातला. तिथल्या पोरांना तत्त्वज्ञ जड होईल असं वाटलं. आमच्याकडे हा घोळच नाही. लोखंडाचं सोनं करणारा दगड म्हटल्यावर माझी आई, जी तिसरीपर्यंत शिकली, ती लगेच म्हणाली, "परीस तो." वाडीतली पोरं इंग्रजी माध्यमात असूनही पहिले दोन भाग मराठीत वाचतात आणि मग इंग्रजीकडे वळतात. मराठीत काही वाक्यं अडखळतात, त्याला इलाज नाही. मूळ लेखिकेने मंत्रांत लॅटिन आणि नावांत कोट्या पेरल्यात, त्या दुसऱ्या भाषेत तशाच उगवत नाहीत.

आईचं या पुस्तकांशी वेगळंच भांडण आहे. एका संध्याकाळी पोरं ओटीवर मोठ्याने वाचत होती. ती निवडणं निवडता निवडता ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आमच्या देवचाराक रोट नि विडी दिली की भागता. तुमच्या ह्या पोराक काय लागता?"

"घुबड लागता, आजये."

"घुबड? दारात नको हां, मेल्यांनो."

तिची शंका रास्त आहे. इथे भुताखेतांना तोटा नाही: राखणदार आहेत, देवचार आहे, चकवा आहे, विहिरीत गिऱ्हा आहे. शिवाय रात्रभर दशावतार बघणारं गाव. संकासुर लाल जीभ काढून पुढ्यात आला की पहिल्या रांगेतलं पोर आईच्या पदरात शिरतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्याच रांगेत बसतं. अशा मुलांना उडणारा झाडू नवा नाही. त्यांना नवी आहे ती शाळा. जादूचाही गृहपाठ असतो, त्याची परीक्षा असते, त्यात नापास होता येतं, पक्षपाती मास्तर असतात. हे त्यांना फार पटतं. एकजण मला म्हणाला, आमच्या सरांना काठी आहे, फक्त मंत्र नाही.

झाडूवरून आठवलं. माडाच्या हिरांचा खराटा हा पुस्तकातल्या उडत्या झाडूचा सख्खा भाऊ आहे. गेल्या मे महिन्यात देवळामागच्या मळ्यात सात-सात जणांचे दोन संघ पुस्तकातला झाडूवर बसून खेळायचा खेळ, क्विडिच, खेळायला खराटे मांड्यांत धरून धावत होते. हवेत उडणारा सोनेरी चेंडू पकडला की त्या खेळात १५० गुण मिळतात नि सामना संपतो, साधा गोल केला तर १०. सोनेरी चेंडू म्हणून एक बारका पोरगा नेमला होता, त्याला पिवळं बनियन घातलं होतं, आणि तो थेट घरी पळाला. सामना अजून सुरू आहे असं ते मानतात. वाडीतल्या बायकांनी खराट्यांसाठी माझ्याकडे भांडण आणलं, जणू मीच पुस्तक लिहिलंय.

ही आवड आजची नाही हे मला ठाऊक आहे, कारण पहिलं हॅरी पॉटर माझ्या दुकानात २००७ साली आलं, तेही तीन तुकड्यांत.

सातवं पुस्तक २१ जुलै २००७ला निघालं, शनिवारी. लंडनच्या मध्यरात्री विक्री सुरू, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. बाजारातल्या एका दुकानदाराचा मुलगा मुंबईत शिकत होता. त्याने दिवसा ते विकत घेतलं, रात्री कोकणकन्येत बसला, रविवारी सकाळी कुडाळला उतरला, तिथून एसटीने घरी. गाडीत त्याचं निम्मं वाचून झालेलं. घरी दोन बहिणी वाट बघत होत्या. दुपारपर्यंत भांडण इतकं पेटलं की शेवटी ब्लेडने पुस्तकाचे तीन भाग केले, प्रत्येकी दोनशेच्या आसपास पानं. भावाने उरलेलं पुढचं घेतलं. थोरलीला सुरुवात मिळाली. मधला तुकडा धाकटीच्या वाट्याला आला. तिने तो तसाच, मधूनच वाचायला घेतला, कारण थांबणं शक्य नव्हतं. मग मागचा, मग पुढचा.

सोमवारी तिघं बाबांपुढे उभे. बाबा म्हणजे आयुष्यभर पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारा माणूस. ते तुकडे हातात घेतले, चष्मा वर केला. "ह्या कोणी केल्यान?"

तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

बाबांनी ते शिवलं. पैसे घेतले नाहीत, की रागाने घ्यायचे राहिले, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मैद्याच्या खळीत मोरचूद घालून, कसर लागू नये म्हणून, जुन्या पद्धतीने. वर काळं कापड लावलं. ते पुस्तक अजून त्या घरात आहे. मधली बायंडिंगची रेघ दिसते, पण पान एक हललेलं नाही.

१९९७ साली पहिलं पुस्तक निघालं तेव्हा पुठ्ठ्याच्या बांधणीच्या जेमतेम ५०० प्रती छापल्या होत्या. त्याआधी डझनभर प्रकाशकांनी नको म्हटलेलं. ज्यांनी घेतलं त्यांच्या प्रमुखाच्या आठ वर्षांच्या मुलीने पहिलं प्रकरण वाचून पुढचं मागितलं, म्हणून घेतलं, असं सांगतात. माझा यावर पूर्ण विश्वास आहे. "पुढचा खय?" हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकते. त्या ५०० पैकी बऱ्याच प्रती वाचनालयांत गेल्या होत्या आणि आज शिक्के मारलेल्या, कोपरे दुमडलेल्या प्रतीही लिलावात लाखोंना जातात. मालिकेच्या जगभरात साठ कोटींवर प्रती खपल्या. त्यातला एक संच आमच्या वाडीत आहे आणि त्याला कोणी लाख रुपये देणार नाही, इतका तो वाचला गेलाय.

उणं सांगायलाच हवं. पाचवं विनाकारण लांबलंय. दोनशे पानं कापली असती तर कथेचं काही बिघडलं नसतं आणि माझा फेविकॉल वाचला असता. पोरांना हे पटत नाही. त्यांना ते लांब आहे म्हणूनच आवडतं. त्या शाळेत अकरा वर्षांच्या मुलांना जादूची टोपी घालून चार घरांत, म्हणजे गटांत, वाटून टाकायचं, आणि एक घर कायमचं वाईट ठरवायचं, हेही मला रुचत नाही. वाडीत त्यावरून दोन दिवस अबोला झाला होता. कोणालाच त्या वाईट ठरलेल्या, सापाच्या चिन्हाच्या घरात जायचं नव्हतं.

घेणार असाल तर मेमध्ये घ्या, पावसाच्या तोंडावर नको. प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत दमट राहून बुरशी येते. तपकिरी कागद पुरे. कपाटात ठासून भरू नका. आणि चौथं, पाचवं, सहावं न वाचताच आधी बाइंडरकडे न्या. मी पाठीचा जुना डिंक खरवडते, पानं ठोकून सारखी करते, पाठीवर करवतीने सहा आडव्या खाचा पाडून त्यांत दोरा बसवते, पानं पंख्यासारखी दोन्हीकडे वाकवून डिंक आत मुरू देते, वर मलमलीची पट्टी. मग रात्रभर शिकंज्यात, म्हणजे पुस्तक दाबायच्या चापात. बाजूने टाके घातले तर पक्कं होतं, पण मग पुस्तक पुरतं उघडत नाही आणि आतल्या बाजूची अक्षरं शिलाईत जातात. पहिल्यांदा मी तीच चूक केली होती. पोरांनी जोर लावून उघडलं आणि टाक्यांसकट फाडलं.

मजकुराला पाचपैकी साडेचार, बांधणीला दीड. मराठीचा तो पाव वेगळा.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत पाचवं खरवडून, दोरा भरून शिकंज्यात गेलं. मुलगी शाळा सुटल्यावर परत आली आणि शिकंज्याकडे बघत उभी राहिली.

"कधी गावतला?"

"फाल्या सकाळी."

"आज रात्री नाय?"

"डिंक सुकाक नको?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग शिकंज्याच्या बाजूला वाकून, दाबलेल्या पानांच्या कडेकडे डोळा लावून म्हणाली, "काकी, माझा पान ४१२ होता. थय जरा सैल ठेवशात?"