स्किझोफ्रेनिया असलेल्या बहिणीची आरोग्य तपासणी

माझी मोठी बहीण ४६ वर्षांची असून गेली १९ वर्षे तिला स्किझोफ्रेनिया आहे. या काळात तिच्या गोळ्या अनेकदा बदलल्या, पण कर्करोगाच्या दृष्टीने तिचे स्तन किंवा गर्भाशयमुख तपासून घ्यावे, असे ना कुठल्या डॉक्टरांनी सुचवले, ना आम्हा घरच्यांच्या मनात आले. सरकारी कार्यक्रमात ही तपासणी ३० ते ६५ वयाच्या सर्वच स्त्रियांसाठी सांगितलेली आहे. अखेर यंदा आमच्या शहरातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या महिला तपासणी विभागात तिला नेले.

तिथल्या सिस्टरांनी सगळी विचारपूस माझ्याकडे न करता थेट ताईकडे केली. आतून तपासण्याचे उपकरण आधी तिच्या हातात देऊन, "नको वाटलं तर हात वर करा, आम्ही लगेच थांबू," असे त्यांनी सांगितले. पहिल्या दिवशी ताईने हात वर केला आणि त्या खरोखरच थांबल्या. पंधरा दिवसांनी ती आपणहून "चल" म्हणाली. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभराने पाहायची ही व्हीआयए तपासणी थोड्याच वेळात झाली. कानात सतत आवाज येत असताना परक्या हाताचा स्पर्श किती भयंकर वाटू शकतो, हे जाणणारी माणसे मला इतक्या वर्षांत प्रथमच भेटली.

डॉक्टरांनी पाळीविषयीही नीट विचारले. ती दोन वर्षांपूर्वी थांबली, तेव्हा आम्ही वयाचे कारण धरले होते. परंतु रिस्पेरिडोन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधामुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढूनही पाळी थांबू शकते आणि पुढे हाडे ठिसूळ होऊ शकतात, हे इथे समजले. पूर्वीच्या ओलान्झापिन या गोळीने वजन वाढलेले असल्यामुळे कंबरेचा घेर, रक्तदाब आणि साखरही पाहिली.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. उपाशीपोटी रक्त देण्यासाठी सकाळी साडेसातला बोलावतात. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी दहापर्यंत न उतरणाऱ्या रुग्णाला ते फार जड जाते, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीला तर उपाशी राहावेच लागत नाही. दुसरे म्हणजे, मानसोपचार विभाग त्याच इमारतीत असूनही अहवाल तिकडे जात नाहीत. झेरॉक्स काढून मलाच न्यावे लागतात. शारीरिक आजाराइतकीच वागणूक मानसिक आजाराला मिळावी, असे २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, तेव्हा निदान एवढी सोय व्हायला हवी.

प्रोलॅक्टिनची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. ती अकरानंतर ठेवावी, असा अर्ज ताईने स्वतःच्या हाताने लिहून दिला आहे.