प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर – घ्या, पण सोळा अँपिअरवालाच घ्या

ठाणे स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून घेतला, दुकानदार आधी सहा अँपिअरवाला काढून देत होता पण गीझरला तो चालतच नाही त्यामुळे सोळावालाच मागून घ्या. गीझर लावला तर व्होल्टेज २२१, करंट ८.३ दाखवतो, गुणाकार केला की साधारण १८३४ वॅट, आणि गीझरवर छापलंय २०००! म्हणजे कंपनीने फसवलं असं नाही हां, २२१ भागिले ८.३ केलं की कॉइलचा रेझिस्टन्स येतो साडेसव्वीस ओहमच्या आसपास, त्या रेझिस्टन्सवर २३० व्होल्टला हिशोब बरोबर २००० वॅटच्या जवळ जातो, आमच्या कळव्यात संध्याकाळी व्होल्टेजच कमी येतं त्याला गीझर काय करणार.

फ्रिजला मात्र हे गणित लावू नका. २२५ गुणिले ०.९ म्हणजे दोनशेच्या वर येतं पण मीटर दाखवतो १३० वॅट, कारण मोटरला पॉवर फॅक्टर (म्हणजे त्या गुणाकारातला खरोखर वापरला जाणारा वाटा) असतो आणि हा मीटर तोही दाखवतो, हेच मला सगळ्यात आवडलं. स्क्रीनला लाईट नाही, ओट्यामागच्या प्लगला मोबाईलची बॅटरी मारून वाचावं लागतं, आणि जाडजूड असल्यामुळे शेजारचा स्विच अर्धा झाकतो. वैताग आहे तेवढा. चार स्टार.