माल्टोडेक्स्ट्रिनलाही 'उत्तम अँटिऑक्सिडंट' ठरवणारा अहवाल

आम्ही एका खासगी प्रयोगशाळेला अँटिऑक्सिडंट चाचण्यांसाठी पाच नमुने दिले होते, जी-1 ते जी-5. जी-2 मध्ये हिरड्याचा अर्क होता आणि जी-3 मध्ये निव्वळ माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्प्रे-ड्राय अर्कांत वाहक म्हणून घालतात ती पांढरी पूड. कुठल्या कोडखाली काय आहे हे प्रयोगशाळेला सांगितलं नव्हतं. सहाव्या दिवशी रंगीत आलेखांसह अहवाल हाती आला. डीपीपीएच या जांभळ्या रंगद्रव्यावरच्या अँटिऑक्सिडंट चाचणीत जी-3 चा आयसी-50 (निम्मा परिणाम साधायला लागणारं प्रमाण, जितकं कमी तितकं चांगलं) मिलिलिटरला 41.6 मायक्रोग्रॅम आणि हिरड्याचा 58. म्हणजे हिरड्यापेक्षा माल्टोडेक्स्ट्रिन सरस! हेपजी-2 या मानवी यकृताच्या कर्करोगाच्या पेशींतला ऑक्सिडेटिव्ह ताणही जी-3 ने 62 टक्क्यांनी कमी केल्याचं लिहिलं होतं. ठरलेल्या रकमेपैकी 70 टक्के पैसे आगाऊ गेले होते, ते परत मिळाले नाहीत.

हिरड्यात टॅनिन, गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल भरपूर असतं. डीपीपीएचचा जांभळा रंग हिरडा बघता बघता पिवळा करतो. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्च फोडून केलेल्या ग्लुकोजच्या साखळ्या, त्यांच्याकडून या चाचणीत दखल घेण्याजोगा परिणाम मिळत नाही. शिवाय मिथेनॉलमध्ये ते नीट विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं. चाचणी खरोखर लावली असती, तर 'नमुना विरघळला नाही' एवढी नोंद तरी अहवालात असती. ती नव्हती.

एम.फार्म., आयुर्वेद एमडी आणि पीएचडीचे विद्यार्थी प्रबंधाची तारीख जवळ आली की अशाच ठिकाणी स्टायपेंडचे पैसे भरतात, आणि तोच अहवाल पुढे शोधनिबंधात जातो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

सगळ्यात आधी तारखा बघा. हेपजी-2 पेशी 96 वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये, वेलला साधारण 10 हजार, अशा पेरल्या की त्या तळाला चिकटायला एक दिवस जातो. अर्कासोबत आणखी 24 तास, मग रीडिंग. एका फेरीला तीन दिवस लागतात. तीन स्वतंत्र फेऱ्या म्हणजे वेगवेगळ्या पॅसेजच्या (नव्या भांड्यात वाढवलेल्या खेपेच्या) पेशी, वेगवेगळे दिवस, ताजी द्रावणं. एकाच प्लेटवरच्या तीन वेलना 'तीन फेऱ्या' म्हणत नाहीत. सहा दिवसांत पाच नमुन्यांच्या तीन फेऱ्या उरकल्याचा दावा तिथेच कोसळतो.

मग कंट्रोलचे, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या अर्क नसलेल्या वेलचे आकडे. या अहवालात जी-1 आणि जी-4 च्या प्लेट वेगवेगळ्या दिवशीच्या दाखवल्या होत्या, पण दोन्हींतल्या कंट्रोलची रीडिंग तिसऱ्या दशांशापर्यंत जुळत होती. प्रत्यक्षात प्लेटच्या कडेच्या वेलमधलं पाणी जास्त उडतं, पिपेटचा हात थोडा हलतो, त्यामुळे आकडे कमीजास्त होतातच. पेशींतला ताण दाखवणाऱ्या हिरव्या चकाकीचे फोटोही तसेच होते. जी-5 चा फोटो म्हणजे जी-2 चाच, 180 अंशांत फिरवलेला. कोपऱ्यातला कचऱ्याचा स्वल्पविरामासारखा ठिपका दोन्हींत होता.

प्लेट रीडरची मूळ फाइल मागितल्यावर हाताने टाइप केलेली एक्सेल आली. यंत्रातून निघालेल्या फाइलीत सहसा तारीख, वेळ, तरंगलांबी आणि सगळ्या वेलची रीडिंग असतात, ब्लँकसकट (ब्लँक म्हणजे पेशी नसलेली, वजा करायची वेल). यात फक्त सरासऱ्या होत्या.

आता थोडं अवघड. चाचणी प्रामाणिकपणे लावूनही निष्कर्ष खोटा निघू शकतो, आणि कामचुकार प्रयोगशाळा याच आडोशाने निसटते. पेशी किती जिवंत आहेत हे मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीपासून जांभळं फॉर्मझान करतात, पण टॅनिन, क्वेर्सेटिन, क जीवनसत्त्व हे काम पेशींशिवायही करतात. मग अहवालात '130 टक्के जिवंत पेशी' दिसतात. त्यासाठी पेशी नसलेल्या वेलमध्ये अर्क आणि एमटीटी घालून तपासावं लागतं, आणि पेशींवरचा अर्क काढून पीबीएस या क्षारद्रावणाने धुतल्यावरच एमटीटी घालावं लागतं.

डीसीएफएच-डीए हे रंगद्रव्य पेशीतल्या ऑक्सिडेटिव्ह ताणाने हिरवं चकाकतं; त्याच्या चाचणीत ते साधारण 10 मायक्रोमोलर, सीरम आणि फिनॉल रेड नसलेल्या माध्यमात, 37 अंशांवर अंधारात 30 मिनिटं. रीडिंग 485 आणि 530 नॅनोमीटरला. अर्क आणि पेशींवर ताण आणणारं हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्रच घातले, तर त्यांची गाठ पेशीबाहेरच पडू शकते आणि पेशीला काहीच न होता 'संरक्षण' दिसतं. आधी अर्क, मग धुणं, मग पेरॉक्साइड, हा क्रम हवा. हिरवट अर्कातलं क्लोरोफिल चकाकी शोषतं, म्हणून अर्काचा स्वतंत्र ब्लँकही हवा. उलट बाजूने, गॅलिक आम्लासारखी पॉलिफेनॉल डीएमईएम या पेशी वाढवायच्या माध्यमात स्वतःच पेरॉक्साइड तयार करतात; पेरॉक्साइड फोडणारं कॅटलेज विकर घातलेली एक रांग ठेवली की ते उघड होतं.

पेरॉक्साइडची बाटली किती जुनी, हेही विचारा. 30 टक्क्यांचं द्रावण साधारण 9.8 मोलर असतं, पण ते हळूहळू विघटित होतं. 10 मिलिमोलर करून एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत) 240 नॅनोमीटरला शोषण 0.436 च्या आसपास यायला हवं. हे रीडिंग प्रयोगशाळेला देता आलं नाही, तर तिथल्या ताणाच्या मात्रेवर विसंबू नका.

लेटरहेडवरच्या एनएबीएलच्या, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या चिन्हाला भुलू नका. मान्यता ठरावीक चाचण्यांपुरती असते आणि ती यादी प्रमाणपत्रासोबत असते. जड धातूंसाठी मिळालेली मान्यता पेशींवरच्या चाचणीला लागू होत नाही. पेशी कुठून आणल्या, पॅसेज कितवा, मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा सूक्ष्म जिवाणू) तपासला का, हे लेखी घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून आणल्याचं सांगत असतील, तर त्याचं बिल मागा.

पैसे भरण्यापूर्वी कॉलेजातच एक पडताळणी होते. 3.94 मिलिग्रॅम डीपीपीएच 100 मिलिलिटर मिथेनॉलमध्ये विरघळवलं की 0.1 मिलिमोलर द्रावण होतं. 517 नॅनोमीटरला त्याचं शोषण एकच्या जवळपास येतं. अर्क घालून 30 मिनिटं अंधारात ठेवा आणि परत मोजा. नमुन्यांचा क्रम इथे एक आणि अहवालात भलताच आला, तर उरलेले पैसे अडवून ठेवा. नमुन्यांत एक माल्टोडेक्स्ट्रिनचा आणि एकच अर्क दोन वेगळ्या कोडखाली, असे घालाच. निम्मी रक्कम मूळ फाइली हातात आल्यावर देण्याचं ईमेलवर ठरवून घ्या. आणि प्रत्येक अर्काचा 2 ग्रॅम भाग सीलबंद करून उणे 20 अंशांवर ठेवा; 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केल्यावर दुसरीकडे फेरतपासणी करायची वेळ आली, तर तोच नमुना लागतो.