कोपऱ्यातलं नाव खरं असलं पाहिजे: आमच्या लॅबचं नवं सॉफ्टवेअर

ठाण्यात नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अकरा वर्षं टेक्निशियन आहे. मार्चपासून आमच्याकडे नवं सॉफ्टवेअर आलंय. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या ऑफिसनं ते आमच्यापुरतं बनवून दिलंय, ब्राउझरमध्येच चालतं. बिलिंग, बारकोड ठीक आहे. मला लिहायचंय ते एकाच गोष्टीबद्दल: समोर बसलेलं माणूस कोण, हे त्याला नक्की कळतं.

आधीच्याला कळत नव्हतं. त्यात तर वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘युजर=७’ असं उघड दिसायचं; ७ चा ९ केला की दुसऱ्याची वर्कलिस्ट उघडायची. पण खरा घोळ झाला तो एका शुक्रवारी. मी घरी कळव्याला पोचले नव्हते तोच मॅडमचा फोन, “पोटॅशियम ६.८ तू टाकलंस? सीरम गुलाबी दिसतंय, बघितलं नाहीस?” तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातला रंग आणि पोटॅशियम सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पिवळसर पाण्यात, उतरतं आणि आकडा खोटाच वर जातो, हे मला शिकवायला नको. असं सॅम्पल मी पुढे सोडलंच नसतं. पण एन्ट्रीवर नाव माझंच. पुन्हा रक्त घेतलं तेव्हा ४.३ आलं. पेशंट सुखरूप होता, तरी मला त्या रात्री झोप लागली नाही.

झालं होतं असं. रात्रपाळीच्या दादांनी त्यांच्या लॉगिननं वर्कशीट उघडून ठेवलं होतं. निघता निघता मी दुसऱ्या टॅबमध्ये लॉगिन केलं, एक रिपोर्ट पाहिला आणि लॉगआउट न करता नुसता टॅब बंद केला. दादा आपल्या टॅबवर आले. कोपऱ्यात त्यांचंच नाव दिसत होतं. त्यांनी सेव्ह केलं, ते गेलं माझ्या नावावर!

का, ते नव्या ऑफिसातल्या मुलानं समजावलं. सर्व्हरला आपली आठवण नसते, प्रत्येक क्लिक त्याला नवीन माणसाची. म्हणून १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुलीनं कुकी आणली. लॉगिन झालं की सर्व्हर एक लांबलचक क्रमांक देतो आणि ब्राउझर तो दर वेळी दाखवतो, ओपीडीच्या टोकनासारखा. पण हे टोकन टॅबचं नसतं, अख्ख्या ब्राउझरचं असतं. मी लॉगिन केलं तेव्हा दादांचं टोकन जाऊन माझं आलं. त्यांच्या स्क्रीनवरचं नाव मात्र आधी काढलेल्या फोटोसारखं तसंच राहिलं. त्यानंतर कित्येक महिने एकानं क्रोम आणि दुसऱ्यानं फायरफॉक्स वापरायचं, असं आम्ही चालवलं.

आता टॅबवर परत आलं की नवं सॉफ्टवेअर आधी सर्व्हरला विचारतं, आत कोण आहे, आणि कोपऱ्यातलं नाव बदलतं. पान एकाच्या नावानं उघडलेलं आणि टोकन दुसऱ्याचं असेल, तर सेव्हच होत नाही. दोन्ही नावं दाखवून थांबतं. आकडा दुरुस्त केला तर जुना आकडा आणि बदलणाऱ्याचं नाव दोन्ही राहतात. पहिल्याच आठवड्यात मी मुद्दाम दोन टॅब उघडून फसवून पाहिलं. फसलं नाही.

त्रास एक आहे. पाच मिनिटं हात लावला नाही की कुलूप लागतं. ग्लोव्हज काढून पासवर्ड टाकणं नको व्हायचं, तेव्हा चार आकडी पिन करून दिला. तरी सकाळी उपाशीपोटी आलेल्यांची रांग असते तेव्हा चिडचिड होतेच. पण हे कुलूप काढा असं मी सांगणार नाही.

एक काम अजून बाकी आहे. आमच्याकडे एस. पाटील दोघी. स्क्रीनवर आता पूर्ण नाव आणि फोटो येतो, छापील वर्कशीटवर मात्र नुसतंच ‘एस. पाटील’. पुढच्या महिन्यात बदलून देतो म्हणालेत. तोवर आम्ही दोघी खाली पेनानं पूर्ण सही करतोय.