निक ड्रेकचे दोन अल्बम: ‘ब्रायटर लेटर’ की ‘पिंक मून’?

निक ड्रेक या इंग्लिश गायकाचे हे शेवटचे दोन अल्बम लागोपाठ ऐकले, तर ते एकाच माणसाचे आहेत हे चटकन पटत नाही. १९७१च्या ‘ब्रायटर लेटर’मध्ये निर्माता जो बॉइड याने फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश फोक-रॉक बँडचे वादक आणि रॉबर्ट कर्बीचे वाद्यसंयोजन यांची रेलचेल केली, त्यात ड्रेकचा मुळातच हलका आवाज ठिकठिकाणी दबतो, आणि बासरीचे तुकडे तर (स्पष्टच सांगायचे तर) हॉटेलात जेवताना कानावर पडणाऱ्या संगीताच्या जवळ जातात. ‘नॉर्दर्न स्काय’ मात्र सणसणीत अपवाद: संगीतकार जॉन केलचे सेलेस्टा (पियानोसारखे, पण घंटीसारखा नाद देणारे वाद्य) तिथे गाण्यावर कुरघोडी न करता त्याला उजळवते.

१९७२चा ‘पिंक मून’ लंडनमध्ये ध्वनिमुद्रक जॉन वुड याच्यासोबत अवघ्या दोन रात्रींत झाला. शीर्षकगीतातील पियानोचे मोजके सूर सोडले, तर जेमतेम अठ्ठावीस मिनिटांत आहे ते फक्त गिटार आणि आवाज. अंगठ्याने खर्जाच्या तारेवर धरलेली लय आणि वरच्या तारांवरील बोटांची नक्षी इतकी स्वच्छ ऐकू येते की साथीची उणीव भासत नाही. दोन्ही अल्बम त्या काळी फारसे खपले नाहीत. नवख्या श्रोत्याला पहिला सोपा जाईल. माझे मत निःसंशय दुसऱ्याला.