डुप्लिकेट टायमिंग चेन किट: माझे ५४,७५० गेले, तुम्ही तरी सावध राहा

गाडी स्विफ्ट डिझेल, फियाटवालं १२४८ सीसी इंजिन. सकाळी थंड स्टार्टला टायमिंग चेनची (क्रँक आणि कॅम हे इंजिनमधले दांडे जुळवून फिरवणारी साखळी) खडखड सुरू झाली. मावसभाऊ डिझेल मेकॅनिक आहे, म्हणून चेन बदलायचं काम घरच्या पार्किंगमध्येच करायचं ठरलं. चेन, गाईड (चेन ज्यावरून सरकते ती प्लास्टिकची पट्टी) आणि टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) असं किट नाशिकच्या एका पार्टवाल्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलं, ६,८५० रुपये यूपीआयने दिले. बॉक्सवर होलोग्राम, पार्ट नंबर, एमआरपी सगळं बरोबर, शंका घ्यायला जागाच नव्हती.

सम्प (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवला, टायमिंग कव्हर काढलं, क्रँक आणि कॅम लॉक केले, आणि जुना गाईड नव्याशेजारी ठेवला तेव्हा दिसलं की जुन्यावर कंपनीचा मार्क आणि नंबर उठावदार आहे, नवा पूर्ण कोरा, कडेला प्लास्टिकचे धागे लोंबतायत. चेनच्या कड्यांवरही शिक्का नाही. इथेच थांबायला हवं होतं, आजही डोकं फिरतं! मी लगेच पार्टवाल्याला फोन लावला, तर म्हणे "नवीन लॉटला मार्क येत नाही साहेब, बिनधास्त बसवा". आता इंजिन उघडं पडलंय, रविवारची दुपार, दुकानं बंद, समोरचा छातीठोक सांगतोय, कोणीही बसवलं असतं. भावाने टेन्शनरची पिन काढली, क्रँक हाताने दोन फेरे फिरवला, टायमिंगच्या खुणा जुळल्या, मगच स्टार्टर मारला. फिटिंगमध्ये काडीची चूक नव्हती.

जेमतेम २,१०० किमी. सिन्नरच्या अलीकडे इंजिन खाडकन बंद. टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, त्याचा प्लंजर (आतला दट्ट्या) दाब धरतच नव्हता, चेन ढिली पडून गिअरच्या दातांवरून सरकली, रॉकर आर्म तुटले, व्हॉल्व्ह वाकले. टोइंग ३,२००, हेडचं (इंजिनच्या वरच्या भागाचं) काम ४४,७००.

जुने पार्ट काम संपेपर्यंत फेकू नका, शेजारी ठेवून बघितल्याशिवाय नवीन बसवूच नका.

पोलीस चौकीत गेलो तर "हे सायबरचं". १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तर "माल मिळाला ना, मग हा ग्राहक वाद". १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, दुकानदाराने उत्तरच दिलं नाही आणि तक्रार बंद! ज्या कंपनीचं नाव बॉक्सवर छापलंय तिला फोटो पाठवले तर "तो आमचा अधिकृत डीलर नाही", संपलं. अरे तुमच्या नावाचा खोटा माल बाजारात विकला जातोय, एक माणूस पाठवून बघायला काय होतं? हायवेला मागून ट्रक असता तर जबाबदार कोण? चौकीतले साहेब उलट मलाच विचारतात, पक्कं बिल का नाही घेतलं. मागितलं असतं तर त्या पार्टवाल्याने दिलं असतं का?

बॉक्स उघडताना व्हिडिओ काढा, जीएसटी बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाताना वकिलाच्या भीतीने मागे हटू नका, स्वतः उभं राहता येतं, ५ लाखांपर्यंत फी शून्य आहे, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. माझी तयार होतेय, तुटका टेन्शनर आणि कोरा गाईड पिशवीत सील करून ठेवलाय. असाच बिनमार्कचा माल कोणाला मिळाला असेल तर फोटो आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, मला कळवा, एकत्र तक्रार करू.